तीस नंबरची जाळी

शिवाआण्णांनी माझ्या छातीवर पितळी भिंग टेकवलं तेव्हा मी व्याह्यांना जिलबी वाढत होतो. मुलीचा साखरपुडा, अंगावर नवा शर्ट, पंगत रंगात आलेली. "हलू नगा मास्तर," आण्णा म्हणाले. मी जिलबीचं ताट धरून श्वास रोखला. भिंगातून बघत, ओठ हलवत त्यांनी मोजलं आणि भर पंगतीत जाहीर केलं, "इंचात बहात्तर. दुकानदारानं फसिवलं तुमाला." मग ते व्याह्यांच्या सदऱ्याकडे वळले. व्याही घास हातात धरून ताठ बसले. छातीवर भिंग आलं की भला माणूससुद्धा डॉक्टरपुढं बसल्यासारखा गप्प होतो. त्यांचा आकडा माझ्याहून जास्त निघाला. सोयरीक आधीच ठरली होती म्हणून बरं.

आण्णा माझे शेजारी. माधवनगरच्या गिरणीत माग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. एका इंचात किती धागे बसलेत हे त्या घडी होणाऱ्या भिंगातून मोजायचं आणि कमी भरले तर मागवाल्याचा उद्धार करायचा, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली, आण्णा घरी बसले, पण भिंग काही निवृत्त झालं नाही. ते सदऱ्याच्या खिशात असतं आणि "इंचात किती ते सांगा" हे वाक्य तोंडात असतं. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण ऐकून आलं की म्हणतात, "बोलला लय, पर इंचात किती?" मी शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं, तरी या प्रश्नाचं उत्तर मला कधी देता आलेलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत कॅनडात असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. पूर्वी तो इतका आटोपशीर असायचा की आमच्या घरी दूध उतू जायच्या आत संपायचा.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आण्णा आमच्याकडे आले ते थेट स्वयंपाकघरात. चहाची गाळणी, पिठाची चाळण, रव्याची चाळण अशी सगळी फौज त्यांनी ओट्यावर मांडली. खिशातून काड्यापेटी काढली. तिच्यात भरडलेले सातू, म्हणजे जव होते. ते प्रत्येक चाळणीवर टाकून, हलवून, खाली काय पडतं ते भिंगानं बघू लागले. माझी बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. हा माणूस तुमचा, असं त्या बघण्यात होतं.

"पशा तिकडं घरी बियर करतोय," आण्णांनी खुलासा केला.

मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. तिथं तुळशीची माळ होती.

"घेतो कोण?" ते म्हणाले. "आमी जाळीचं बघतो. आत काय शिजतंय ते ज्येचं त्यो जाणं."

प्रकरण असं होतं. भरडलेले जव मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात तासभर ठेवायचे आणि त्यांचा गोडवा पाण्यात उतरला की जव तेवढे वर काढायचे. त्यासाठी पातेल्यात बसेल अशी जाळीची टोपली लागते. चहाची गाळणीच, पण बादलीएवढी. भोकं मोठी असली तर दाणे खाली पडून बुडाला करपतात. बारीक असली तर कोंडा अडकून पाणी तुंबतं. प्रशांतनं हौसेनं घरी टोपली केली होती, ती तुंबली होती. आणि जाळीचा नंबर म्हणजे एका इंचातली भोकं. हे कळलं तेव्हा त्या पोराला आपला बाप आठवला. "आण्णा, इंचात किती घेऊ?" असं त्यानं विचारलं. गिरणी बंद पडल्यापासून हा प्रश्न आण्णांना कुणीतरी आपणहून विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या दिवसापासून माधवनगरात एकही जाळी सुरक्षित राहिली नाही. पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवातल्या आचाऱ्याकडे, दाताच्या दवाखान्याच्या खिडकीपाशी, सगळीकडे आण्णा काड्यापेटी काढून उभे. मी दाराला नवी डासांची जाळी बसवली, तर तिसऱ्या दिवशी तिला खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढं भोक. विचारलं तर म्हणाले, "नमुना घेतला. खालनं हाय, डास वरनं येत्यात." सुलोचनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोराला मूतखड्याचा त्रास आहे, म्हणून सातूचं पाणी करतोय. गल्लीतल्या तीन बायकांनी त्यावर आपापले उपायही सुचवले.

सांगलीत चाळण्यांचं दुकान असलेले सलीमभाई हे या प्रकरणातले खरे सोशीक गृहस्थ. दर गुरुवारी आण्णा तिथं जात, स्टूल ओढून बसत, आणि वीस, चोवीस, चाळीस अशा नंबरांचे जाळीचे तुकडे घेऊन येत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा आला. टोपली काही ठरेना. गणिताच्या मास्तराला सुटत नसलेलं उदाहरण शेजारी ठेवून झोप लागत नाही. शेवटी एक दिवस मीच सलीमभाईंकडे गेलो आणि म्हटलं, त्या माणसाला एकदाची एक जाळी देऊन टाका.

सलीमभाई हसले. "आवं मास्तर, तीस नंबरची दिवाळीच्या आधीच नेली की. टोपली मीच डाख देऊन करून दिली. एक नंबर झाली. मला वाटलं कवाच तिकडं पोचली आसंल."

मला राग आला. माझ्या दाराचं भोक आठवलं. रविवारी सकाळी जाब विचारायला म्हणून मी आण्णांच्या घरी शिरलो, तर फोन चालू होता. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये प्रशांत दिसत होता आणि आण्णा त्याच्यासमोर जाळीचा तुकडा धरून बसले होते.

"चाळीस हाय ही. लय बारीक."

"तुंबंल आण्णा. पस्तीसची बघा की मिळाली तर. घाई न्हाई."

पस्तीसवरून गोष्ट प्रशांतच्या गुडघ्यावर गेली. गुडघ्यावरून बर्फावर, आणि तिथून त्याच्या नव्या साहेबावर. साहेब फार छळतो, झोप लागत नाही, असं तो हळूच म्हणाला. आण्णांनी जाळी खाली ठेवली. "काम कर, पर उरावर घेऊ नगंस. गिरणीत मला बी असलाच एक भेटला होता," म्हणून ते बराच वेळ त्या जुन्या साहेबाबद्दल बोलत राहिले. पोरगा ऐकत होता. मध्येच हसला. मी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला होता.

आणि तेव्हाच मला प्रशांतच्या मागं, धुतलेल्या भांड्यांत, एक चकचकीत जाळीची टोपली पालथी घातलेली दिसली. धुऊनही तिला कुठं कुठं कोंडा चिकटलेला होता.

फोन संपला. मी सलीमभाईंचं नाव काढताच काकू आत गेल्या आणि एक टोपली घेऊन आल्या. सुबक, गोल, वर धरायला कडी. आत भुईमुगाच्या शेंगा भरलेल्या.

"हीच न्हवं?" काकू म्हणाल्या. "शेंगा लय चांगल्या ऱ्हात्यात हिच्यात."

आण्णा भिंगाची घडी घालत, उघडत बसले. मग म्हणाले, "धाडली की सपलं, मास्तर. मग पुन्ना, जेवलास का, जेवलो, थंडी हाय का, हाय, ठेवतो. बापानं बोलायचं तरी काय?"

"पण त्याच्या मागं ती..." मला राहवलं नाही.

"दिसली व्हय तुमाला?" आण्णा शांतपणे म्हणाले. "सक्रांतीपासनं हाय त्येच्याकडं. पाणी गळताना बघितलंय मी. तीसच हाय."

"मग तुम्ही त्याला विचारलं नाही?"

"त्येनं इचारलंय व्हय मला, टोपलीला येवढे दिस का लागत्यात म्हणून?"

काकूंनी ओंजळभर शेंगा माझ्यापुढे ठेवल्या. त्या खाण्यात बरं असतं, मान खाली घालता येते. माझा जाब विचारायचा राहिला तो राहिलाच.

पुढच्या गुरुवारी माझं सांगलीला दुसरं काम होतं. येताना सलीमभाईंकडून पस्तीस नंबरच्या जाळीचा एक तुकडा आणला आणि आण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाला धरला, भिंग टेकवलं, ओठ हलवत मोजलं.

"चौतीस," ते म्हणाले. "सलीमनं फसिवलं तुमाला."

मग तुकडा नीट घडी करून खिशात ठेवत, अगदी समाधानानं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. रविवारी पशाला दावतो. ह्येच्यावर अर्धा तास जाईल बगा."