मेजाच्या उजव्या बाजूची मोहीम

हृदयाच्या नळ्या उलट बसणे ही दैवाची करणी, आणि त्या सुलट करणारांनी एकमेकांची वाट अडविणे ही मनुष्याची. या दोहींचा निकाल एकाच मेजावर कैसा लागला, ती हकीकत जैसी जाहली तैसी येथे लिहिली आहे. वाचणाराने हसावे, परंतु हळू. शेजारी अतिदक्षता विभाग आहे.

जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियेची सनद देणारे एक मंडळ होते. त्याचा हुकूम ऐसा, की ज्यास सनद पाहिजे त्याने बिकट शस्त्रक्रिया मुख्य म्हणून स्वहस्ते केल्या पाहिजेत. मेजाच्या उजवीकडे उभा तो मुख्य, डावीकडे उभा तो मदतनीस, आणि मदतनिसाने जन्मभर मदत केली तरी ती हिशेबी धरू नये. हुकूम लिहिणारे मंडळाचे अध्यक्ष खासे थोरले साहेब, आणि उजवी बाजू न सोडणारे तेही थोरले साहेबच.

त्यांच्या पदरी धाकट्या बाई डाव्या बाजूस तैनात होत्या. बाकी शस्त्रक्रिया बाईंनी बहुत रदबदली करून पदरात पाडून घेतल्या, एक मात्र राहिली: नवजात अर्भकाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल. ती मागावी तर कधी फर्मान निघे की मूल फार लहान आहे, कधी की आज वेळ नाही, आणि मग सारे युद्ध आटोपल्यावर छाती शिवण्याची जहागीर बाईंस बहाल करून साहेबांची स्वारी चहाकडे कूच करी. बाईंचे केस पिकू लागले. सासूबाई पाहुण्यांस सांगत, "सूनबाई अजून शिकतेय." आणि साहेब वार्षिक शेऱ्यात लिहीत, स्वतंत्र अनुभव कमी.

ऐशा समयी एक निळसर पडलेली, काही दिवसांची मुलगी वॉर्डात दाखल जाहली. दोन्ही धमन्या उलट. तिची आई बस कंडक्टर. आवाज खणखणीत, नजर कोणासही चुकविता न येणारी. बाई संमतीची सही घेण्यास गेल्या, तेव्हा तिने विचारले, "तुम्ही केलंय का हे ऑपरेशन?"

बाईंनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "साहेबांच्या समोर उभी राहून पुष्कळदा. स्वतः एकदाही नाही."

"खरं बोललात," आई म्हणाली, आणि सही तूर्त केली नाही.

इतक्यात साहेबांची स्वारी लवाजम्यासह आली. साहेबांनी पाळण्यात डोकावून अभय दिले, "काळजी नको. हा बरा होणार."

"मुलगी आहे ती," आई म्हणाली. "तिसऱ्यांदा सांगतेय." लवाजमा जमिनीकडे पाहू लागला. "या मॅडम रोज तिला हात लावून बघतात. ऑपरेशन त्यांनी करायचं. तुम्ही समोर थांबा, काही बिघडलं तर बघायला."

अध्यक्षांच्या कारकिर्दीत ऐसा हुकूम कोणी दिला नव्हता. सर्वांदेखत ना म्हणावे तर सनदेसाठी मुख्य होऊन करावे हा आपलाच नियम आडवा येतो. साहेब नामोहरम होऊन म्हणाले, "ठीक आहे. मी आहेच." तेव्हा आईने सही केली.

मग हात धुताना बाईंच्या मनी प्रथमच आले, की डावीकडे बरे होते. तरी त्या उजवीकडे गेल्या, आणि साहेब डावीकडे आले, आणि पंपवाल्याने रक्ताचा प्रवाह यंत्रावर घेतला, आणि अक्रोडाएवढे हृदय थांबले. बाईंनी धमन्या छेदून अदलाबदल केली, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या दोऱ्यासारख्या वाहिन्या नव्या जागी शिवल्या, आणि चिमटा सोडला. हृदय हलले. तोच टाक्यातून रक्त उसळले.

साहेबांचा हात सवयीने सुईकडे झेपावला.

"साहेब, तुम्ही सक्शन धरा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी रक्त ओढून घेणारी ती नळी धरली. बाईंनी एक टाका घातला, थांबल्या, दुसरा घातला. रक्त थांबले, आणि हृदय ठेक्यात चालू लागले, आणि निळे ओठ हळूहळू गुलाबी झाले.

बऱ्याच वेळाने साहेब मान तिरकी करून म्हणाले, "इथून काहीच दिसत नाही हो."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

येणेप्रमाणे मेजाची उजवी बाजू फत्ते जाहली. मुलगी हल्ली भूक लागताच सारा वॉर्ड डोक्यावर घेते, आणि आई कोणासही न विचारता तिला पाजते. विजय म्हणून एवढेच दप्तरी नोंदविले आहे. सनद मागाहून टपालाने आली.