घेवरशेठचं बॉनेट

घेवरशेठच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळत नाही. आधी बॉनेट उघडतं, मग पाणी. पाहुणा चपला काढायला वाकला की शेठ त्याचा दंड धरतो, ओट्यावरून खाली उतरवतो, पत्र्याच्या शेडमध्ये नेतो आणि गाडीचं तोंड उघडून म्हणतो, "उलटी बाजू दखा." दखा म्हणजे बघा.

मी लिहिताना त्याला अरे-तुरे करतोय, तोंडावर अहो-जाहोच करतो. माझा मेहुणा आहे तो, तेवढा हक्क आहे. तो मारवाडी जैन, मी शेतकऱ्याच्या घरातला, जन्मभर जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचललेला. मग मेहुणा कसा, ते सांगतो. आधी बॉनेट.

गाडी जुनी, लहान, पांढरी. पांढरी म्हणजे कागदावर. वरून इतकी धूळ, की गल्लीतली पोरं तिच्यावर बोटाने फुली-गोळा खेळतात. शेठ त्यांना हाकलत नाही. एकदा तर डाव अर्धा राहिला होता, तो मोडू नये म्हणून गाडी तशीच बाजारात नेली. पण बॉनेट वर करा. आतलं इंजिन, नळ्या, झाकणं, वायरी, सगळं असं लखलखतं, जशी चिंचेने घासलेली पितळेची भांडी फळीवर मांडावीत. मी पुष्कळ गाड्यांची पोटं पाहिली आहेत. जिनिंगचे ट्रक दारातच बिघडायचे. तेल, माती, कापसाचे पुंजके, मेलेली पाखरं, सगळं आत असतं. शेठच्या गाडीसारखी गाडी मी अख्ख्या खानदेशात दुसरी पाहिली नाही. धुळ्याच्या बाजूला असेल तर दाखवावी, मी स्वतः बघायला येईन.

लोक विचारतात, शेठ, वरून का नाही पुसत? शेठचं उत्तर ठरलेलं. चाळीसगावच्या बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक सुलट बाजूला भुलतं, तो सांगतो. रंग सुलट बाजूला असतो, सूत उलट्या बाजूला कळतं. ठाण उलटून दाखवायला घाबरला तो कापडवाला चोर. मग गाडीला तरी वेगळा नियम का?

साफसफाई बघण्यासारखी असते. शेठ ती पांढऱ्या शुभ्र कपड्यांत करतो. शेठाणीने जुना सदरा काढून दिला तर म्हणतो, जुना सदरा घातला की माणूस निष्काळजी होतो. इंजिन गार झालेलं पाहिजे. आधी बॅटरीची तार सोडायची. मग पाणी लागू नये अशा जागांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. पिशव्या त्याच्या बंद झालेल्या दुकानाच्या, अजून माळ्यावर गठ्ठा पडलाय. पट्ट्याशेजारी डायनामो असतो, त्याला तो जवाई म्हणतो. सगळ्यांत पक्की पिशवी त्याला. "जवायाले पाणी लागलं की रुसस," असं म्हणून माझ्याकडे बघतो.

मग ब्रश, साबणाचं पाणी आणि चिंध्या. चिंध्यांचं त्याचं मोठं शास्त्र आहे. रबरी नळ्यांना जुनं धोतर, पत्र्याला मांजरपाट, कानाकोपऱ्याला फ्लॅनेल. टेरिकॉटचा तुकडा त्याच्या शेडमध्ये चालत नाही. ते कापड पुसत नाही, नुसतं फिरतं, असं त्याचं मत. बॅटरीच्या टोकावरचा पांढरा खार तो खायच्या सोड्याने काढतो. त्यापायी घरात भजी फुगत नाहीत, सोड्याचा डबा कायम शेडमध्ये. शेठाणी माझ्यादेखत त्याला म्हणाली आहे, की एवढा हात माझ्या शेगडीवरून फिरला असता तर मी रोज तुमची आरती केली असती.

एकदा त्याच्या पोरासाठी मुलीकडची माणसं आली होती. शेठने त्यांना नेहमीसारखं शेडमध्ये नेलं. बॅटरी, नळ्या, जवाई, सगळं सविस्तर झालं. मुलीचा बाप शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "किती सांगता?" त्याला वाटलं, शेठला गाडी विकायची आहे. शेठ एवढा दुखावला की सोयरीक मोडायची वेळ आली. ती सावरली आमच्या मंडळीने. इंदूने पुढे होऊन त्या माणसाला सांगितलं, अहो दादा, ज्या घरात न दिसणारं एवढं घासतात, तिथे तुमच्या लेकीचं मन कोणी मळवणार नाही. सोयरीक जमली. सून चांगली निघाली. पुण्याला असतात.

इंदू म्हणजे माझी बायको. आता मेहुण्याचं सांगतो.

इंदूचं माहेर पहूर. आईबाप केव्हाच गेले, पाठचा एकच भाऊ होता, तोही गेला. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते. तिला न्यायला भाऊ नाहीतर बाप मुराळी म्हणून येतो. त्या वर्षी गल्लीत सगळ्यांकडे मुराळी येत होते, झोके बांधले जात होते, आणि इंदू पायरीवर बसून डाळ निवडत होती. निवडलेलीच पुन्हा निवडत होती. पलीकडे शेठ बॉनेटमध्ये वाकलेला. त्याने मान वर न काढता विचारलं, बाई, पहूरहून कोण येणार? इंदू म्हणाली, आता कोण येणार भाऊ.

शेठने बॉनेट लावलं. गाडी त्याच्या दारातून काढली आणि आमच्या दारात आणून उभी केली. भिंतीला भिंत आहे आमची. तरी हॉर्न वाजवला, उतरला, टोपी नीट केली आणि मला म्हणाला, "जवाई, मी मुराळी आलो. बहिणीला पाठवा."

मी हसलो. इंदू हसली नाही. आत गेली, लिंबू रंगाचं सुती पातळ नेसली, पिशवी भरली. पण गाडीत बसेना. म्हणाली, भाऊ, उलटी बाजू दाखवा. बॉनेट उघडायला लावलं. पातळाचा पदर बोटाला गुंडाळून तिने आतून फिरवला, उजेडात धरून बघितला. भांडी घासण्यात तिचा हात धरणारी बाई मला भेटली नाही, तिच्यापुढे शेठची काय बिशाद. एका नळीखाली काळं निघालं. शेठ त्या उन्हात पुन्हा फ्लॅनेल घेऊन वाकला. दुसऱ्यांदा पदर स्वच्छ आला तेव्हा ती म्हणाली, "बसते भाऊ."

तिला मागे बसवून शेठने स्टेशन रोडने एक फेरी मारली, नदीच्या पुलावरून नेऊन आणली आणि स्वतःच्या दारात उतरवली. शेठाणीने भाकरतुकडा ओवाळला. इंदू दिवसभर त्यांच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर. मी घरी एकटा, हाताने चहा केलेला. संध्याकाळी परत आली तेव्हा सांगत होती, पुलावर मी भाऊला म्हटलं, हळू घ्या, नाहीतर माहेर लवकर येईल.

तेव्हापासून दर आखाजीला हेच. पदर, तपासणी, "बसते भाऊ", आणि पुलावर "हळू घ्या". लोक हसायचे. हसू द्या. सख्खे भाऊ असलेल्या बाया मी आखाजीला दारात वाट बघताना पाहिल्या आहेत. माझ्या बायकोचा मुराळी एक वर्ष चुकला नाही.

या हिवाळ्यात इंदूला दुपारी छातीत दुखायला लागलं. मी भिंतीवरून हाक मारली. शेठ होता तसा धावत आला, जेवणाचा हात खरकटा. धुळ्याला न्यायचं ठरलं. रस्ता कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी एकदाही अडली नाही, खोकलीसुद्धा नाही. हे मी छाती ठोकून सांगतो. इंदूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "भाऊ, आज मी बघितलं नाही."

शेठने आरशातून मागे बघितलं. "येताना बघा, बाई."

येताना ती त्या गाडीत नव्हती.

त्यानंतर शेठने बॉनेट उघडलं नाही. पाहुणे येत, त्यांना सरळ पाणी मिळे. असेच महिने गेले आणि आखाजी जवळ आली, तेव्हा शेठाणी माझ्याकडे आली. म्हणाली, आबा, सोड्याचा डबा स्वयंपाकघरात परत आणून ठेवलाय यांनी. मला तो बघवत नाही. शेगडी घाण राहू द्या, पण यांना शेडमध्ये पाठवा.

मी काय पाठवणार? माझं स्वतःचं जेवण डब्यातलं, तेही अर्धं परत जाणारं. पण आखाजीच्या आदल्या दिवशी मी गेलो. शेठ शेडमध्ये खुर्ची टाकून बसला होता, गाडीकडे पाठ करून. मला गोड बोलता येत नाही. सरळ म्हटलं, "शेठ, गाडी घाण झाली. उद्या आखाजी आहे."

"कोणासाठी धुऊ, आबा?"

"उद्या तिच्या नावाची घागर भरेन. मग चूल बंद आणि मी एकटा. मला न्यायला या."

त्याने वर बघितलं. मी म्हटलं, "असा बसणार नाही. तपासून बसेन. तिची तपासणी राहिली आहे."

मी घरी आलो. मग भिंतीपलीकडे माळ्यावरचा पिशव्यांचा गठ्ठा खाली पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ शेठाणी ओरडली, की माझा सोडा कुठे गेला. तिचा आवाज मला इतका बरा कधी वाटला नव्हता. दिवेलागणीपर्यंत ब्रश चालू होता.

आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने भरतात तशी सकाळी मी घागर भरली. वर खरबूज ठेवलं, हात जोडले. तिच्या नावाने पाणी घातलं. उठतोय तेवढ्यात दारात हॉर्न वाजला.

शेठ पांढऱ्या कपड्यांत, टोपी नीट करून उभा. गाडीवर बोटभर धूळ. बॉनेट उघडं. ऊन आत पडलं होतं आणि आतून परत बाहेर येत होतं. नेहमीचं वाक्य तो बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आबा, तपासा."

मी आत गेलो. पेटीतून ते लिंबू रंगाचं पातळ काढलं. पदर बोटाला गुंडाळला, ती गुंडाळायची तसा, आणि पहिल्यांदा त्या नळीखाली फिरवला. मग बॅटरीमागे. मग जवायाच्या बुडाशी. शेठ श्वास धरून उभा होता. मी पदर उजेडात धरला. पातळ होतं तसं लिंबू रंगाचं. एक डाग नाही.

शेठने पदर माझ्या हातातून घेतला. अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळला, दुकानाच्या गादीवर बसून जन्मभर कापड चोळत आला तसा. मग उलटला.

"आपल्याच दुकानातलं शे," तो म्हणाला. "रंग अजून गेला नही, आबा. उलटी बाजू दखा."

मी बघितली. तो मात्र मान वर करेना. पदर धरून तसाच उभा राहिला. मी त्याला राहू दिलं. मग पातळाची घडी केली, काखेत धरली आणि म्हटलं, "बसतो भाऊ."

आजवर मी त्याला शेठ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्याने मागचं दार उघडलं. मी तिच्या जागेवर बसलो, घडी मांडीवर ठेवली. स्टेशन रोडला ओट्यांवरून लोक बघत होते, एवढा मोठा म्हातारा मुराळ्याबरोबर माहेरी निघालेला. बघू द्या.

मी काही बोललो नव्हतो. नदीच्या पुलावर त्याने आपणहून गाडी हळू केली.