तुम्हीच पाठवली का?

शफीकभाईंना सकाळी "कसे आहात?" विचारलं, तर ते उत्तर देत नाहीत. "भाभी, अपडेट केलं का?" असं उलट विचारतात. माझ्याकडं बटणांचा फोन आहे. त्यात काय अपडेट करू?

ते माझ्या शेजारी राहतात, एकटेच. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात त्यांनी जन्मभर टपाल बघितलं. पुढं टपाल संगणकावर आलं, तेही त्यांनीच बघितलं. एकदा मेलच्या प्रोग्रामनं अपडेट मागितलं. यांनी "नंतर" हे बटण दाबलं. त्याच आठवड्यात एका मेलमधली फाईल उघडली आणि दुकानाचा सगळा हिशेब कुलूपबंद झाला. तेव्हापासून "नंतर" हा शब्द शफीकभाईंना शिवीसारखा लागतो.

मी चौथी शिकलेली. मला त्यांनी असं समजावलं, "मेलच्या प्रोग्रामला भोकं असतात, भाभी. कंपनीला भोक सापडलं की ती बुजवायचं सामान पाठवते. पण भोक सापडल्याची दवंडी उंदीर बी ऐकतात ना! ज्यानं बुजवलं नाय, त्याच्या घरात शिरतात." हे मला पटलं. उंदीर मला कळतात.

त्यांचा दुसरा नियम याहून वाईट. मेलसोबत फाईल आली की पाठवणाऱ्याला फोन करायचा, "तुम्हीच पाठवली का?" विचारायचं, मगच उघडायची. घरच्यांनाही सूट नाही. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीनं नळाच्या पाण्याचं वेळापत्रक पाठवलं. सेक्रेटरी वरच्याच मजल्यावर राहतो, पण फोन उचलेना. इकडं आठवड्यानं आलेलं पाणी येऊन गेलं. शफीकभाई दोन रिकाम्या बादल्या घेऊन माझ्या दारात.

"जिना चढून विचारायचं की!" मी म्हणाले.

"नियम फोनचा हाय, भाभी."

मागच्या महिन्यात त्यांनी अपडेटचं विचारणं बंद केलं. चार दिवस वाट बघितली, मग मीच घरात शिरले. ते संगणकापुढं बसले होते. मुलीचा, नसरीनचा, मेल आला होता. मजकूर नाही, नुसती फाईल. यांचं न ऐकता ती हैदराबादला नोकरीला गेली, तेव्हापासून दोन वर्षं बोलणं बंद. हट्टी आहेत, दोघंही.

"उघडा की."

"फोन केल्याबिगर कशी उघडू?"

"मग करा फोन."

"करतो. नंतर."

"काय म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन उचलला. "मैं शफीक बोल रहा," म्हणाले. स्वतःच्या मुलीला नाव सांगतात! "ये फाईल तूनेच भेजी क्या?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. हे नुसते "हां, हां" करत राहिले. माझं दूध गॅसवर होतं, मी निघून आले.

आता दर रविवारी नसरीनची फाईल येते आणि दर रविवारी यांचा फोन तासभर चालतो. परवा विचारलं, "एवढं असतं काय त्या फायलीत?"

"काहीच नाय. कोरी असते. पहिली बी कोरीच होती."

"मग पाठवते कशाला?"

"नियम तिला म्हाईत हाय, भाभी. फाईल आली की मला फोन करावाच लागतो."