पान त्र्याऐंशी

"पहिली आवृत्ती आपल्याकडे आहे. उद्या लेखिकाबाई येतील तेव्हा काचेच्या पेटीत असेल," असं ग्रंथपालबाईंनी वाचनालयाच्या अध्यक्षांना फोनवर ठणकावून सांगितलं. मग फोन ठेवून त्या ती शोधायला उठल्या.

कादंबरी पन्नास वर्षांपूर्वीची. वाचनालयात तिच्या तीन प्रती होत्या. पण बांधणी करताना बाइंडरने तिन्हींची पुढची पानं फाटकी म्हणून काढून टाकली होती. आवृत्ती, साल, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. एकच खूण उरली होती. संग्राहक सांगत, की पहिल्या आवृत्तीत पान त्र्याऐंशीवर छपाईची चूक आहे. 'सासऱ्यांना पाहताच ती लाजली' असं हवं, तिथे 'ती माजली' असं छापलंय.

कपाटातल्या प्रतीत नायिका व्यवस्थित लाजली होती. उरलेल्या दोन प्रती वाचकांकडे होत्या. एक दंतवैद्यांकडे, दुसरी व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या गुरुजींकडे.

दवाखान्यात पुस्तक बाकावरच पडलं होतं. बाई उभ्या उभ्या पानं उलटू लागल्या. "चला आत," नर्स म्हणाली. बाई पुस्तकात डोकं घालूनच आत गेल्या आणि दिव्याखाली खुर्ची दिसली म्हणून तिच्यात बसल्या.

"कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजवीकडची. खालून तिसरी," बाई ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या. तिथे 'लाजली' होतं. निराशेने त्यांनी "आ" केला आणि डॉक्टरांनी तेवढ्यात सुई टोचली.

खुलासा झाला, दाढ वाचली. पण गुरुजींच्या दारात पोचेपर्यंत बाईंचा अर्धा चेहरा बधिर झाला होता.

"आन त्याऐंछी ओघायचंय," त्या म्हणाल्या.

"त्र्याऐंशी," गुरुजी म्हणाले. "जीभ टाळूला लावा. पुन्हा म्हणा."

बाईंनी चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा गुरुजींचं समाधान झालं आणि पुस्तक बाहेर आलं. पान त्र्याऐंशी, खालून तिसरी ओळ. 'माजली'तला 'मा' लाल शाईने खोडलेला, त्यावर वळणदार अक्षरात 'ला', आणि समासात शेरा: 'निष्काळजीपणा.'

"हे उम्ही केलंत?"

"मीच. आभार मानू नका, सवयच आहे."

पुस्तक काखेत मारून बाई तडक वाचनालयात आल्या. संध्याकाळी अध्यक्ष आले तोवर त्यांची जीभ पुन्हा नीट वळू लागली होती. "ही असली लाल रेघोट्या मारलेली प्रत ठेवणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"हीच ठेवणार. पहिली आवृत्ती आहे ती. खोडली म्हणून दुसरी होत नाही."

दुसऱ्या दिवशी लेखिकाबाई आल्या. ऐंशी उलटलेल्या, हातात काठी, नजर मात्र तीक्ष्ण. पेटीत पान त्र्याऐंशीवर उघडून ठेवलेल्या प्रतीपाशी त्या थबकल्या. "हे कोणी केलं?"

गुरुजी पुढे झाले. "मी. मुद्रकाची चूक होती."

"मुद्रकानं तेवढ्या एकाच वेळी बरोबर छापलं होतं," लेखिकाबाई म्हणाल्या. "सासऱ्याला बघून लाजणारी बाई पुढच्याच प्रकरणात त्याला घराबाहेर काढेल का? दुसऱ्या आवृत्तीत कुणा शहाण्यानं तिला लाजवलं. तेव्हापासून मी प्रकाशकाला पत्रं लिहितेय."

अध्यक्ष खोकले. ग्रंथपालबाईंनी पेटी उघडून पेन पुढे केलं. लेखिकाबाईंनी 'ला' खोडला, ठसठशीत 'मा' काढला, खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. अशी प्रत जगात दुसरी नव्हती. बाईंचा चेहरा आता दोन्ही बाजूंनी हसत होता.

मंडळी चहाकडे वळली. गुरुजी मात्र पेटीवर वाकून त्या दोन ओळी वाचत राहिले.

"दुसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलाय," ते पुटपुटले आणि त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

बाईंनी पेटी बंद केली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गुरुजी घरी जाईपर्यंत त्या पेटीसमोरून हलल्या नाहीत.