ओसरीवरच्या फ्रीजमधला खोका

शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी लॉर्न टिबेटने मागच्या ओसरीवरचा फ्रीज उघडला. आत मोहरीच्या सॉसची बाटली होती आणि अर्धं लिंबू होतं. पिझ्झ्याचा खोका नव्हता.

त्याने फ्रीज बंद केला, जरा थांबला आणि पुन्हा उघडला. परिस्थितीत फरक पडला नव्हता.

खोक्यात पिझ्झा नव्हताच. त्यात लॉर्नचा वर्षभराचा चरस होता. सरकारने घरटी चार झाडांची परवानगी दिल्यापासून हार्पर्स लँडिंगमध्ये गांजाची झाडं टोमॅटोच्या रांगेतच उभी असतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर ज्याच्या-त्याच्या घरात बर्फाची पोती येऊन पडतात. लॉर्ननेही गेल्या रविवारी लॉन्ड्रीच्या खोलीत बादल्या मांडल्या होत्या. बर्फाच्या पाण्यात गोठवलेली फुलं टाकून होडीच्या वल्ह्याने तो ती तासन्‌तास ढवळत बसला होता. थंडीने फुलांवरचे राळेचे दाणे कडक होतात, सुटतात आणि बारीक जाळीच्या पिशवीत तळाला बसतात. ढवळण्यात घाई केली की पाला फाटतो आणि सगळा माल हिरवा पडतो. लॉर्नने आयुष्यभर तळ्यावरची फेरीबोट चालवली होती, या काठावरून त्या काठावर आणि त्या काठावरून या काठावर. घाई हा प्रकार त्याला माहीत नव्हता. माल असा उतरला होता की भाजलेल्या बेसनाचा रंग. आता तो थंडीत वाळवायचा होता, आणि त्यासाठी पिझ्झ्याच्या खोक्यासारखी दुसरी वस्तू नाही, कारण पुठ्ठा ओल ओढून घेतो. गावात पिझ्झ्याचं दुकान एक. त्यामुळे गावातले सगळे खोके सारखे, झाकणावर टोपी घातलेला मासा.

दुपारी दोन वाजता समाजमंदिराच्या हॉलमध्ये घरच्या चरसाची गावची वार्षिक स्पर्धा होती. मागची चार वर्षं तिचा कप मर्व्ह साबो घेऊन जात होता. मर्व्ह लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला माणूस, आणि कप मिळाला की तो गाडीच्या काचेपाशी पुढे ठेवून महिनाभर फिरायचा. पण लॉर्नची चिंता कपाची नव्हती. लॉर्नची चिंता लॉन्ड्रीची होती. गेल्या वर्षी फरशीवर घसरून पडता पडता वाचल्यावर त्याची बायको दुन्या हिने दोन अटी घातल्या होत्या. या वर्षी पहिला नंबर आला तर खोली त्याची. नाही आला तर बादल्या कायमच्या बाहेर आणि तिथे तिच्या लोणच्यांच्या बरण्यांसाठी फळ्या. दुसरी अट अशी की त्याची ती वस्तू तिच्या खाण्याच्या पदार्थांच्या आसपास कधीही दिसता कामा नये. दुसरी अट मोडली तर पहिलीबद्दल बोलायचंच नाही.

बुधवारी लॉन्ड्रीतला छोटा फ्रीज बंद पडला, म्हणून लॉर्नने खोका ओसरीवरच्या फ्रीजमध्ये हलवला होता. तेव्हा तो फ्रीज रिकामा होता. शुक्रवारी संध्याकाळी लॉर्न कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ, खेळायला गेला, रात्री उशिरा आला आणि झोपला.

तो स्वयंपाकघरात आला. दुन्या परात घासत होती. ओसरीवरच्या फ्रीजमध्ये काही होतं का, असं त्याने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. दुन्या म्हणाली, होतं म्हणजे काय, काल दिवसभर राबून केलेली पिराही होती. पोलीनामावशी पहाटेच गाडी घेऊन आली आणि सगळे खोके घेऊन हॉलवर गेली.

"सगळे?"

"मग काय निम्मे ठेवेल? मीच सांगितलं, मावशी, फ्रीज रिकामा कर म्हणून." दुन्याने परात पालथी घातली. "तुझ्यासाठी चार काढून ठेवल्यात. तोंड का पाडतोस?"

पिराही म्हणजे बटाटा, कोबी किंवा वाटाण्याचं सारण भरून भट्टीत भाजलेल्या करंज्या. दुन्याचं माहेर दुखोबोर, रशियातून इथे येऊन वसलेले लोक. दारू नाही, तंबाखू नाही, मांस नाही, बंदूक नाही. पण गाणं आहे आणि पिराही आहे. त्यांच्या बायकांच्या गायकवृंदाला दर वर्षी वसंतात गायला दूर जायचं असतं आणि त्यासाठी शरदात पिराही विकायची असते. खोके अर्थात पिझ्झ्याच्या दुकानातून फुकट मिळालेले.

लॉर्न कोट न घालताच बाहेर पडला.

हॉलमध्ये विक्री केव्हाच सुरू झाली होती. टेबलामागे पोलीनामावशी फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून बसली होती. ती दुन्याच्या आईची धाकटी बहीण आणि गायकवृंदाचा सगळ्यात खालचा सूर. लॉर्नने सांगितलं की त्याला खोके जरा बघायचेत. मावशी म्हणाली, बघ, डोळ्यांनी बघ. उघडून बघायचेत, असं लॉर्न म्हणाला. उघडलेला खोका कुणी घेत नाही, असं मावशी म्हणाली, आणि तिने एक हात खोक्यांच्या चळतीवर ठेवला.

उघडता येत नसेल तर उचलून बघता येईल, हे लॉर्नला सुचलं. पिराहीचा खोका जड असतो. त्याचा खोका म्हणजे नुसता कागद आणि भुकटी. तो एकेक खोका दोन्ही हातांनी उचलू लागला, किंचित हलवू लागला आणि खाली ठेवू लागला. बाजारात कलिंगड निवडावं तसं चाललं होतं. रांगेतले लोक बघू लागले. मागची एक बाई दुसरीला म्हणाली की वजनात काहीतरी घोळ असेल.

हे मावशीच्या कानावर गेलं.

"जावईबापू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हॉलच्या दारापर्यंत सहज पोचला, "चाळीस वर्षं आम्ही पिराही विकतोय. आजवर कुणी तोलून घेतली नाही. माझ्या भाचीच्या हाताने भरलेल्या खोक्यात कमी भरलंय असं म्हणायचंय का तुला?"

तसं म्हणायचं नव्हतं, असं लॉर्न म्हणाला. अखेर त्याने पूर्ण टेबलाची माफी मागितली आणि शिक्षा म्हणून मावशीने त्याला दोन खोके विकत घ्यायला लावले. दोन्ही जड होते. टेबलावरचे सगळेच जड होते. म्हणजे त्याचा खोका विकला गेला होता.

कुणी कुणी नेले, हे मावशीने बोटांवर मोजून सांगितलं. तीन खोके वृद्धाश्रमात पाठवले, दोन कॉर्पोरलने पोलीस चौकीवर नेले आणि एक मर्व्हने. मर्व्हचं नाव लॉर्नने यादीत शेवटी टाकलं. मर्व्हच्या दारात जाऊन खोका मागणं म्हणजे कप हातात नेऊन देणं. तो शेवटचा उपाय होता.

चौकीवर कॉर्पोरल बूशे एकटाच होता. क्वेबेकहून बदली होऊन आलेला हा तरुण पोलीस कोबीची पिराही खात टेबलामागे बसला होता. दुसरा खोका बंद होता. लॉर्नने तो उचलला.

"काय करताय, मिस्टर टिबेट?"

"वजन बघतोय. गायकवृंदाच्या वतीने."

खोका जड निघाला. लॉर्नला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. निघता निघता त्याला राहवेना. समजा, त्याने विचारलं, कुणाच्या घरचा माल चुकून दुसऱ्याकडे गेला तर कायद्यात त्याला काय म्हणतात? बूशेने हात पुसले. दिला असेल तर काही म्हणत नाहीत, तो म्हणाला. मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला थोडासा दिला तर ते शेजारधर्मात बसतं. विकला असेल तर मात्र गुन्हा आहे, परवाना लागतो.

"आणि विकणाऱ्याला आत काय आहे ते माहीतच नसेल तर?"

"सगळे तसंच सांगतात," बूशे म्हणाला आणि त्याने पुढची पिराही उचलली. "का? कोण विकतंय?"

लॉर्नच्या डोळ्यांसमोर रुमाल बांधलेल्या सोळा बायका एका ओळीत, गात गात, न्यायाधीशापुढे उभ्या राहिल्या. कुणी नाही, असं तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

वृद्धाश्रमात तिन्ही खोके केव्हाच रिकामे झाले होते. परिचारिका म्हणाली की सगळ्यांना फार आवडली. लॉर्नने सगळ्यांकडे बारकाईने पाहिलं. खिडकीशी दोन म्हातारे पत्त्यांवरून भांडत होते आणि एक आजी झोपल्या होत्या. त्या रोजच या वेळी झोपतात, असा खुलासा परिचारिकेने केला. तेवढ्यात त्याच्या जुन्या फेरीवरच्या एका प्रवाशाने त्याला ओळखलं. सत्तर साली वादळात तू मला उलट्या काठावर उतरवलंस, या विषयावर त्याने लॉर्नला दुपारच्या जेवणापर्यंत धरून ठेवलं. तो दुसराच कुणी नावाडी असणार, कारण सत्तर साली लॉर्न शाळेत होता. पण हे सांगायला त्याला जागाच मिळाली नाही.

लॉर्न मर्व्हच्या घरापाशी पोचला तेव्हा मर्व्हची गाडी नव्हती. तो हॉलवर गेला होता.

स्पर्धेला काहीतरी ठेवणं भाग होतं, नाहीतर दुन्याने कारण विचारलं असतं. लॉर्न घरी गेला, लॉन्ड्रीत दोरीवर टांगलेल्या पिशव्या चमच्याने खरवडल्या आणि निघाली ती तळाची हिरवी पूड बाटलीत भरून हॉलवर नेली. पिराहीची टेबलं बाजूला सरकवली होती. त्यांच्यामागे आता चहा होता, आणि चहामागे दुन्या, पोलीनामावशी आणि कॉर्पोरल बूशे. बूशेच्या बशीत आणखी एक पिराही होती.

तीन परीक्षकांपैकी मुख्य होता वेंडेल, गावचा निवृत्त औषधविक्रेता. प्रत्येकाचा माल चिमूटभर काचेवर ठेवायचा, खाली ज्योत धरायची आणि बघायचं. उत्तम माल बुडबुडे येऊन विरघळतो, मागे काही ठेवत नाही. लॉर्नच्या पुडीने धूर काढला, काळी पडली आणि काचेला चिकटून बसली. वेंडेलने ती चाकूने खरवडताना लॉर्नकडे सहानुभूतीने पाहिलं. सात जणांत सातवा नंबर.

मग मर्व्हची बाटली उघडली. ज्योत खाली गेली आणि काचेवरचा दाणा सोन्याच्या थेंबासारखा फुगला, उकळला आणि नाहीसा झाला. वेंडेलने बाटली सगळ्यांना वास घ्यायला फिरवली. ती लॉर्नच्या नाकाखाली आली. संत्र्याची साल आणि ओलं देवदार. मर्व्हच्या मालाला चारही वर्षं डिझेलचा वास यायचा. हा लॉर्नचा होता. हा त्याने ढवळला होता.

त्याने तोंड उघडलं. समोर दुन्या होती, तिच्या शेजारी जिने तो विकला ती, आणि तिच्या शेजारी परवाना विचारणारा. त्याने तोंड मिटलं.

मर्व्हने कप उचलून भाषण केलं. यंदा माल इतका चांगला कसा उतरला हे खरं तर मलाच कळत नाहीये, तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि लोकांनी नम्रतेबद्दल टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात टाळ्या लॉर्नने वाजवल्या. त्यालाही का ते सांगता आलं नसतं. पण चार वर्षं दुसऱ्या नंबरावर राहिलेल्या माणसाने आपला माल पहिला आलेला पाहिला होता, आणि तो आनंद काही केल्या चेहऱ्यावरून जात नव्हता.

"सातवा आलास आणि हसतोयस काय?" दुन्याने गाडीत विचारलं.

मर्व्हसाठी आनंद झाला, असं त्याने सांगितलं. दुन्याने त्याच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं.

संध्याकाळी तिने लॉन्ड्रीच्या भिंतीची मापं घेतली आणि जेवायला बसल्यावर फळ्या किती रुंद हव्यात ते ठरवलं. मग ती म्हणाली की एक मात्र खरं, मर्व्हचा तो माल बघण्यासारखा होता. तिला त्यातलं काही कळत नाही, पण असं काही त्या खोलीत होत असतं तर बादल्यांची अडचण आपण आणखी दहा वर्षं सोसली असती.

तेवढ्यात, साडेसातला, फोन वाजला आणि लॉर्नने तो उचलला.

मर्व्ह होता. त्याला दुन्याशी बोलायचं होतं. रागावलो नाहीये, त्याने आधीच सांगितलं, पण सकाळी एक खोका पिराही घेतली होती. हाताला हलका लागला, पण गायकवृंदाला कोण बोलणार. घरी आणून फ्रीजमध्ये आपल्या खोक्यावर ठेवला. दुपारी घाईत वरचा खोका काढला, त्यातलं बाटलीत भरलं आणि हॉलवर गेलो. आता भूक लागली म्हणून दुसरा उघडला.

"तर यात पिराही नाही, लॉर्न. यात माझा माल आहे. डिझेलचा वास येतोय, म्हणजे माझाच." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मग दुपारी मी नेला तो कुणाचा? आणि माझी पिराही कुठे आहे? दे जरा दुन्याकडे. तिने भरलेत ना खोके, तिलाच माहीत असणार."

"कोण आहे?" दुन्याने टेबलावरून विचारलं.

लॉर्नने रिसीव्हरवर हात ठेवला. खरं सांगितलं तर पहिला नंबर त्याचा होता, पण मग तो खोका पिराहीशेजारी होता हेही सांगावं लागणार होतं. सात वाजून चाळीस मिनिटांनी तो हात अजून तिथेच होता.