चूल एकीकडं, मोरी एकीकडं

बेलापुरातल्या अर्ध्या कॉम्प्युटरांची घरघर ज्यानं बंद केली, त्या किसननानाचा स्वतःचा कॉम्प्युटर असा घरघरायचा, की भोंगा झाला समजून मोरा बंदराच्या धक्क्यावरची लाँच सुटायची. शपथेवर सांगतो. आमची भिंत एकच आहे.

नाना मूळ दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला. आई मासळी विकायची. नाना मात्र द्रोणागिरीच्या एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झाला. त्याला वेड एकच, कॉम्प्युटरच्या पोटातल्या कॉम्प्युटरचं. नव्या यंत्राच्या आत जुनं यंत्र खोटंखोटं चालवायचं, म्हणजे जुने प्रोग्रॅम मरत नाहीत. पण हे पोटातलं बाळ आपली सगळी मेमरी फाइल करून डिस्कवर लिहीत बसतं, आणि डिस्क दमेकऱ्यासारखी धापा टाकते.

सत्यनारायणाला गेला तरी नाना प्रसादाआधी यजमानाला विचारणार, "मेमरीची फाइल कंच्या डिस्कवर हाय?" पोटातला कॉम्प्युटर ज्या डिस्कवर, त्याच डिस्कवर ती निघाली की कपाळाला हात. "अरे, चूल एकीकडं, मोरी एकीकडं! एका जागी दोनी कशी चालतील?" मग फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायचा, नाहीतर सेटिंगमध्ये एक ओळ लिहायचा, की फाइल बनवूच नको. डिस्क गप्प. मग लग्न जमवल्यासारखा हात धुऊन शिऱ्याकडे वळायचा.

"आणि नाना, तुमचं ते धूड?" मी विचारायचो.

"त्याला हात नाय लावायचा, शेजारी."

भाचीच्या हळदीला नाना दोन दिवस मोऱ्याला गेला. किल्ली माझ्याकडे, कारण मांजरीला बोंबील घालायचे होते. मी ठरवलं, म्हाताऱ्याला चकित करायचं. सगळं त्यानंच शिकवलेलं. पोटातला कॉम्प्युटर आधी पूर्ण बंद करायचा, मग ओळ लिहायची. नानानं तो नुसता झोपवून, म्हणजे आतलं सगळं होतं तसं गोठवून ठेवला होता. पडद्यानं विचारलं, झोपेतलं सगळं टाकून देऊ? मी छाती पुढे काढून 'हो' म्हटलं. ओळ लिहिली, चालू केला, तर अशी शांतता, की मांजरीचं बोंबील चावणं ऐकू आलं.

नाना परतला तेव्हा हळद अजून कानामागे होती. त्यानं कॉम्प्युटर लावला. पत्त्यांचा जुना खेळ बंद दिसला, म्हणून उघडला. नवी पानं पडली. तो पडद्याला नाक लावून शोधू लागला.

"लाल दश्शी कुठं गेली?"

"कसली दश्शी, नाना? आवाज ऐका की! म्हणजे, येतच नाही तो!"

"आयचा डाव होता, शेजारी." नाना हळू बोलला. "तिला नवा खेळ जमंना, म्हनून मी हा जुना कॉम्प्युटर आत बसवला. डाव सुटायला आठ पानं रायली होती. बोलली, चाय पिऊन येते, मोडू नको. चाय घेताघेताच गेली. ह्या खेळात डाव सेव होत नाय. म्हनून रोज तसाच झोपवायचो, तसाच उठवायचो. तीन वर्सं."

ती घरघरणारी फाइल म्हणजेच तो डाव होता.

मी मांजरीची बशी उचलून पुसायला लागलो. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, असं कधी झालेलं नाही. नानानंच माझ्या पाठीवर हात ठेवला. "ओळ मातर बरोबर लिवलीस हां."

त्याच संध्याकाळी मी ती ओळ खोडली. घरघर परत आली. आता नाना रोज नवा डाव लावतो, आणि आठ पानं उरली की चहाला उठतो.