दबक्या घंटेची व होल्यांच्या घरट्याची हकीकत

ज्या समर्थाने आकाश ताणिले आणि त्याखाली पाखरासही बसावयास जागा दिधली, त्याचे स्मरण करून लिहावयास बसलो. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, फाल्गुन मास, इंग्रजी सन अठ्ठ्याण्णव, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही शाळेत दुसरीपावेतो गेलो, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ज्यास काढणे असतील त्याने काढाव्या, हकीकत मात्र आम्ही या दोन डोळ्यांनी पाहिली आहे, तीत चूक काढून दाखवावी.

आमचे राज्य म्हणजे हे गाव, माळावरचे दगडी देऊळ, भोवती आम्हां ख्रिस्ती लोकांचे ऐंशी उंबरे, आणि देवळाच्या मनोऱ्यात गोऱ्या पाद्र्यांनी आणविलेली घंटा. घंटेचा मान पहिल्यापासून आतारांच्या घराण्याकडे. आजा वाजवी, बाप वाजवी, आणि आता हाशमभाई आतार वाजवीत, साठी उलटलेली, पहाटेची नमाज पढून थेट मनोऱ्याशी येत आणि दोर धरीत. मुसलमानाने हाक द्यावी आणि ख्रिस्त्यांनी उपासनेस जावे, ऐसे तीन पिढ्या चालिले, कोणास नवल वाटले नाही. आणि या घंटेची एक रीत मोठी. प्रभूच्या दुःखसहनाचे चाळीस दिवस लागले की घंटा दबकी वाजे. इतर वेळी ठणठण शिवेपलीकडे जाणारा नाद, तो त्या दिवसांत ऐसा येई की जणू कोणी पदर तोंडात धरून रडत आहे. अंगावर काटा येई. चार पाळकसाहेब आले नि गेले, चौघांनी त्या नादावर उपदेश केले, आणि आम्ही चौघांच्याही वेळी डोळे पुसले. पाद्र्यांनीच ही रीत घालून दिली ऐसे समस्त राज्य समजून होते.

तों त्या साली आमचे कारभारी, वडीलमंडळीचे मुख्य, राजश्री अमोसराव शिनगारे, शहरी आठ दिवसांच्या शिबिरास गेले आणि येताना दोन वस्तू घेऊन आले. एक लोकरीचा कोट, आत सुती अस्तर लाविलेला, भर उन्हातही न काढावा ऐसा. दुसरी वस्तू म्हणजे शास्त्रातले एक वचन. दुःखसहनाच्या पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी दरबार बसता ठेविला, हाशमभाईंस दाराशी बोलाविले, आणि शास्त्र उघडून वाचिले की बैल आणि गाढव एका नांगरास जुंपू नये. मग बोलिले, "याचा अर्थ उघड आहे. विश्वासी आणि अविश्वासी एका सेवेत नकोत. आजपासून दोर आपल्यातला माणूस धरील."

सारे खाली पाहू लागले. हाशमभाईंनी टोपी सारखी केली आणि पुसिले, "कारभारीसाहेब, ह्यात बैल कोण नि गाढव कोण तेवढं सांगा. घरी बायको विचारील."

कोणी हसावे तर कोणी हसेना. हाशमभाईंनी मनोऱ्याची किल्ली उंबऱ्यावर ठेविली, हात कोठे ठेवावे ते त्यांस कळेना, चाळीस वर्षांत रविवारी ते हात रिकामे नव्हते. ते पाहून आमच्याने राहवेना. आम्ही उठलो. आम्हांस राज्यात सगळे आत्याबाई म्हणतात, कारभाऱ्यांस आम्ही लंगोटात पाहिले आहे, तेव्हा भीड कसली. आम्ही बोलिलो, "पाळकसाहेब, पान काढलंच आहे तर पुरं वाचा. जेवायला बोलवून एक घास कसला वाढता?"

पाळकसाहेब यशवंतराव बोर्डे, माणूस गरीब, भांडणास भिणारा, त्यांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आमचे भय अधिक वाटून वाचू लागले. मग काय सांगावे! एकाच पानात काय काय निघाले! पाखराचे घरटे सापडले तर अंड्यांवर बसलेल्या आईस धरू नये. नवे घर बांधिले तर धाब्यास कठडा घालावा, कोणी पडू नये म्हणून. आणि कारभाऱ्यांचे नवे घर बिनकठड्याचे, साऱ्या राज्याने मान वळवून तिकडे पाहिले. मग एका मळ्यात दोन जातींचे बी पेरू नये. आता आमच्याकडे बाजरीत तूर पेरीत नाही ऐसा शेतकरी दाखवा, तेव्हा मागल्या बाकावरचे सारे चुळबुळू लागले. मग बैल आणि गाढव. आणि लागलीच खाली, लोकर नि सूत एकत्र करून केलेले वस्त्र अंगात घालू नये. त्या वेळी कारभाऱ्यांनी कोटाची गुंडी ऐसी धरिली की जणू कोट आपण होऊन निघून जाईल.

आणि पुढे बायकांविषयी आले, आणि धोंडे मारण्याविषयी आले, आणि पाळकसाहेबांची जीभ अडली.

आम्ही बोलिलो, "वाचा की."

"आत्याबाई, पुढचं नको."

"का बरं?"

"ते त्या काळचं आहे."

"आणि बैलगाढवाचं कुठल्या काळचं?"

पाळकसाहेबांनी पान बोटाने झाकिले. आम्हांस वाटले, जिंकलो. तों अमोसराव उठिले, आणि रागाने नव्हे, खरेच विचारावे तैसे बोलिले, "आत्याबाई, मग ज्यानं त्यानं आपल्या मनाजोगतं निवडायचं? असं केलं तर शास्त्राचं उरलं काय?"

आणि आमचे तोंड मिटले. खोटे का लिहा? आमच्या तोंडास उत्तर नाही ऐसे उभ्या जन्मात दोनदा घडले, पैकी हे एक. हाशमभाई निघून गेले, आणि किल्ली कारभाऱ्यांनी उचलिली.

तो आठवडा घंटा वाजली नाही. आम्ही घरी सूप घेऊन तांदूळ निवडीत बसलो आणि तोच शब्द कानात घुमे. निवडणे, निवडणे. आम्हीही निवडितोच की. धोंडे मारण्याचे वचन आम्ही सुपाबाहेर टाकिले, कारभाऱ्यांनी बाजरी-तुरीचे टाकिले. मग त्यांच्यात आणि आमच्यात भेद काय? उत्तर सापडेना. आणि इकडे नवल ऐसे की कारभाऱ्यांच्या घरापुढे विटांची गाडी येऊन पडली आणि धाब्यास कठडा चढू लागला, आणि ते स्वतः नुसत्या सदऱ्यावर हिंडू लागले. माणूस लबाड नव्हता. पुरे पान ऐकिले तेव्हा पुरे पान पाळावयास निघाला. हे पाहून आम्हांस राग यावा की मान द्यावा, तेही कळेना.

पुढला रविवार उजाडला. कारभारी स्वतः घंटा वाजवणार म्हणून सारे राज्य अंगणात उभे. मनोऱ्याचा दोर वरती अडकला होता, तो सोडविण्यास अमोसराव शिडी चढून गेले. आम्ही वाट पाहतो. नाद नाही. बऱ्याच वेळाने ते उतरिले, डोक्यात कोळिष्टके, आणि चेहरा ऐसा की माणसाने वरती काही देखिले आहे. हळू बोलिले, "वर तुळईवर होल्याचं घरटं आहे. मादी बसलीय. मी हाताएवढा जवळ गेलो तरी उठली नाही. नुसती बघत राहिली." आणि मग, "घंटेच्या जिभेला चिंध्या गुंडाळल्यात. जुन्यावर नव्या, थरावर थर. हे कुणी केलं?"

हाशमभाई रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे होते. रविवारी पाय घरी राहत नाहीत त्यास ते तरी काय करणार. त्यांस बोलाविले.

"मीच बांधतो. आधी बाप बांधायचा, त्याच्या आधी आजा. ह्या दिवसांत होले येतात दरसाल. मोठ्यानं वाजवली की तुळई हादरते, मादी उडते नि अंडी गार पडतात. म्हणून चिंधी बांधायची नि दोर तोकडा ओढायचा. पिल्लं उडाली की सोडायची."

पाळकसाहेब पांढरे पडले. "अहो, मग आम्ही इतकी वर्षं त्या आवाजावर उपदेश करतोय, ते?"

"तुम्ही फार गोड बोलत होता साहेब. मधे कसं बोलणार? मला वाटलं, तुमच्यातही होल्यांसाठीच काहीतरी असेल."

तेव्हा आम्हांस आपलेच बोल आठवले. दहा वर्षांमागे पुनरुत्थानाच्या रविवारीही घंटा दबकी वाजली होती, तेव्हा "आज तरी हात मोकळा सोड, आळशी!" ऐसे आम्हीच हाशमभाईंस चारचौघांत बोलिलो होतो. आणि तो मान खाली घालून "चुकलं आत्याबाई" म्हणाला होता. पिल्ले त्या साली उशिरा उडाली असतील. ज्या पानातले वचन घेऊन त्यास दाराबाहेर काढिले, त्याच पानातले घरट्याचे वचन हे घराणे न वाचता तीन पिढ्या पाळीत होते, आणि आमचे सर्वांत पवित्र म्हणून जे रडणे, ते त्याच्या चिंधीतून येत होते. कोणाच्या तोंडून आमेन निघाला, कोणाच्या ते ठाऊक नाही.

अमोसराव मात्र दोरापाशी उभेच. बोलिले, "हाशमभाई, पण ते बैलगाढवाचं वचन आहेच की. त्याचं मी काय करू?"

हाशमभाई म्हणाले, "गाढव मी होतो असं लिहून घ्या साहेब. दोर तुम्हीच धरा. फक्त हळू ओढा."

त्यावर अमोसरावांनी दोराकडे पाहिले, आपल्या हातांकडे पाहिले, आणि दोर हाशमभाईंच्या हाती दिधला. आणि मग घंटा वाजली, दबकी, पदराआडची, आणि आम्ही ती आयुष्यात पहिल्यानेच ऐकिली ऐसे जाहले. वरून पंख फडफडले नाहीत.

त्या दिवशी आम्ही कारभाऱ्यांस उत्तर दिधले, आठ दिवस उशिरा. "अमोस, निवडतो आपण सगळेच. तूही, मीही. पण सुपात काय ठेवायचं ते बघ. खडे ठेवून तांदूळ फेकलेस तर घरचे जेवणार काय?" कारभारी म्हणाले, "आत्याबाई, खडा कुठला नि तांदूळ कुठला हे कसं कळायचं?" आम्ही वरती मनोऱ्याकडे बोट दाखविले. त्याहून अधिक आम्हांस आजही येत नाही.

येणेप्रमाणे हकीकत. कारभाऱ्यांचा कठडा पुरा जाहला, तो चांगला आहे, पोरे पडत नाहीत. कोट पेटीत आहे. बाजरीत तूर पेरितात. घंटा हाशमभाईच वाजवितात, आणि होले येतात.